ड्रॉवरमधले मुके फोन

नवा फोन बाजारात आला की माझ्या हाताला खाज सुटते. लातुरात ज्या दुकानातून मी फोन घेतो तिथला दुकानदार मला दारात बघूनच खोकं खाली काढतो. "सर, आलं बरं का तुमचं लेकरू," म्हणतो. खोक्यावरचं प्लास्टिक मीच फाडतो, त्याला हात लावू देत नाही. तो कोरा वास, काचेवरची पातळ फिल्म नखानं सोलताना येणारा आवाज, पहिल्यांदा उजळणारी स्क्रीन... हसा खुशाल. कुणाला तंबाखू लागते, मला हे लागतं. बायको म्हणते, "बघायला आलात तेव्हा मला एवढं निरखून बघितलं नव्हतं." खरं आहे ते.

टेबलावरची खेळणी हा दुसरा नाद. मी कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. माझ्या केबिनमधल्या टेबलावर दोऱ्यांना टांगलेले पाच लोखंडी गोळे आहेत. एका कडेचा सोडला की दुसऱ्या कडेचा उडतो. चोचीच्या टोकावर तोललेला गरुड आहे. पाण्यात चोच बुडवून परत उभी राहणारी काचेची चिमणी आहे. डॉक्टर व्हायला गावोगावहून आलेली पोरं शंका विचारायला येतात आणि शंका विसरून गरुडाला टिचकी मारतात. "अरे, परीक्षेला गरुड येणार नाही, चला निघा!" म्हणून मी ओरडतो. ती गेली की मीच टिचकी मारतो.

एकदा कंधारकडची एक मुलगी म्हणाली, "सर, तुमच्या टेबलावरचं सगळंच कसं काय हलणारं?" मी तिला उगाच झापलं. ती बिचारी तोंड पाडून गेली. नंतर मी बराच वेळ टेबलाकडे बघत बसलो. जमीन जरा जरी हलली तरी ह्यातलं पहिल्यांदा काय वाजेल हे मला पाठ होतं. गोळे वाजतील. मग गरुड पडेल.

दोन गोष्टी मात्र मी कधी करत नाही. जुना फोन एक्सचेंजला देत नाही आणि फोन वाजू देत नाही. दुकानदार हैराण होतो. "सर, जुना द्या की, तुमचाच फायदा हाय." नको म्हणतो. एक वस्तू द्यायची आणि बदल्यात दुसरी घ्यायची, हे माझ्याच्यानं होत नाही. जुने सगळे फोन घरी ड्रॉवरमध्ये आहेत, ओळीनं, मुके. आणि चालू फोन कायम व्हायब्रेटवर. नुसता थरथरतो. त्याची सुरुवात एका घड्याळापासून आहे.

आमचं गाव औश्याच्या पलीकडे. बापू एसटीत ड्रायव्हर होते. नांदेडच्या फेरीवरून येताना त्यांनी एक घड्याळ आणलं. काळं, चौकोनी, काचेत आकडे दिसणारं, बटण दाबलं की आत हिरवा उजेड पडणारं. दर तासाला ते बारीक आवाजात दोनदा वाजायचं, टीक-टीक. घरात आम्ही दोघंच भावंडं. मी दहा वर्षांचा, बहीण सात. बापूंनी ठरवून दिलं होतं, एक रात्र ह्याच्या हातात, एक रात्र तिच्या. पाळी मोडली की आमची झोंबाझोंबी ठरलेली.

घर दगडमातीचं, हातभर जाड भिंती, वर मातीचं माळवद. दाराजवळ वारं यायचं म्हणून ती जागा धाकटीची. मी आत, भिंतीकडेला, उकाड्यात. त्र्याण्णव सालच्या भूकंपाच्या आदल्या संध्याकाळी गावातला गणपती बुडवून आलो होतो. अंगाला गुलाल, पाय आंबलेले. घड्याळाची पाळी माझी होती. आई झोपल्यावर आम्ही कुजबुजत सौदा केला. घड्याळ तिला, दाराजवळची जागा मला. घड्याळ तिला ढिलं व्हायचं म्हणून तिनं ते पार कोपरापर्यंत चढवलं आणि माझ्या जागेवर जाऊन झोपली. अंधारात तिनं हिरवा उजेड दोनदा पाडलेला मी बघितला.

पुढचं मला सलग आठवत नाही, आणि जे आठवतं ते सांगवत नाही. आईनं मला उचलून बाहेर नेलं. ती परत वळली तेव्हा घर नव्हतं. बापू मुक्कामी गाडी घेऊन कंधारला होते.

उजाडल्यावर सात वाजता ढिगाऱ्यातून आवाज आला. टीक-टीक.

मग दर तासाला आई सगळ्यांना गप्प करायची. "गप बसा रे, वाजंल आता." पहारी थांबायच्या. रडणारे थांबायचे. शेजारच्या घरावर खणणारी माणसंही हात थांबवून उभी राहायची, आणि त्यांचीही माणसं खालीच होती बरं का. आवाज आला की त्या अंगाला खणायचं. आठ वाजले, नऊ, दहा, अकरा. घड्याळ चालतंय म्हणजे पोरगी चांगली आहे, असं सगळ्यांना वाटत होतं. मला तर खात्रीच होती. बाराला थोडं कमी असताना तिचा हात सापडला. घड्याळाला ओरखडासुद्धा नव्हता. बारा वाजता ते आम्हा सगळ्यांच्या देखत वाजलं.

लहान लेकरू म्हणून तिला वावरात, बांधाच्या कडेला पुरलं. घड्याळ काढायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. असल्या घड्याळाचा सेल दोन-दोन, तीन-तीन वर्षं टिकतो, हे मी पुढं कॉलेजात असताना वाचलं. म्हणजे मातीखालीही ते दर तासाला वाजत राहिलं असणार.

गाव पत्र्याच्या शेडमध्ये राहायला गेलं तेव्हा शेडाशेडात एक नवीच रीत पडली. झोपताना उशाशी तांब्या पालथा घालायचा, त्यावर पेला, पेल्यावर वाटी. जमीन हलली की भांडी पडणार आणि माणसं जागी होणार. पुढं पक्की घरं मिळाली, लोकांनी हळूहळू ते सोडून दिलं. आईनं नाही सोडलं. बापू वारल्यावर ती माझ्याकडे लातूरला आली तेव्हा पिशवीतून पहिल्यांदा तांब्याच निघाला. दुपारी घटकाभर आडवी व्हायची तरी स्टुलावर ही उतरंड रचूनच.

मला त्याची चीड यायची. घरात एवढी यंत्रं आणि आईचा भरवसा वाटीवर! गेल्या उन्हाळ्यात मी नवा फोन घेतला, त्यात भूकंपाची सूचना देणारं ॲप होतं. मी तो ऐटीत तिच्या स्टुलावर ठेवला. "आई, हा बघ, हा सांगतो आधीच. आता ती भांडी ठेव स्वयंपाकघरात."

"ह्याला काय कळतंय?" ती म्हणाली.

"तुझ्या वाटीपेक्षा जास्त कळतं."

"असू दे की मग दोन्ही. तुझा तुला, माझा मला."

तिनं फोन जरा सरकवून तिथंच भांडी रचली. मी फिजिक्सचा मास्तर. थरथर एका वस्तूतून दुसरीत कशी जाते, हे दरवर्षी हजार पोरांच्या डोक्यात कोंबतो. आणि व्हायब्रेटवरचा फोन मी त्याच स्टुलावर ठेवून मोकळा झालो. मूर्खपणाला काही मर्यादा?

ती त्याच दिवशीची दुपार. सकाळच्या बॅचेस संपवून मी घरी आलो होतो. बायको बाजारात गेली होती. आई तिच्या पलंगावर आडवी झाली होती, मी बनियनवर माझ्या पलंगावर पडलो होतो, तेवढ्यात कुण्या विद्यार्थ्याच्या वडिलांचा फोन आला असावा. स्टूल थरथरलं आणि भांडी खणाणत फरशीवर पडली. तो आवाज ऐकून मी उठलो कसा, दार उघडलं कसं, काही कळलं नाही. पाय भाजायला लागले तेव्हा ध्यानात आलं की मी भर उन्हात अनवाणी गल्लीत उभा आहे. समोरचा इस्त्रीवाला माझ्याकडे बघत होता. त्याच्या टपरीचं छप्पर जागच्या जागी होतं. सगळंच जागच्या जागी होतं. आणि आई आत होती.

मी बाहेर पळालो होतो. आईला आत ठेवून.

धावत आत आलो. आई पलंगावर नव्हती. आतल्या खोलीत, भिंतीच्या कडेला, ती गुडघे टेकून ओणवी झाली होती आणि तिनं कान फरशीला लावला होता. मी म्हणालो, "आई, काही नाही गं, फोन होता."

तिनं माझ्याकडे न बघता हात वर केला. "गप. वाजंल आता."

मी तिच्या शेजारी बसलो. काही वाजलं नाही. बऱ्याच वेळानं तिनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "पाणी आण बाबा."

संध्याकाळी भाजी निवडता निवडता तिनं विचारलं, "एवढाले फोन हायत तुझ्याकडं. तासाला वाजणारा एकबी न्हाई व्हय?"

"मी आवाज बंद ठेवतो, आई. तुला त्रास नको म्हणून."

हे धडधडीत खोटं होतं. त्रास मलाच व्हायचा. आई म्हणाली, "मला कशाचा तरास? मी तर त्येच्याच वाटंवर असते."

इतकी वर्षं एका घरात राहून मला एवढं कळलं नव्हतं.

त्या रविवारी मी ड्रॉवर उपसला. एकेक फोन चार्ज केला, तासाचा आवाज लावला, आईच्या कानाशी धरला. "न्हाई." दुसरा. "लई मोठा हाय." तिसरा गाण्यासारखा वाजला, तर ती चिडलीच, "लगीन हाय का कुणाचं?" शेवटी तळाशी माझा पहिला फोन निघाला. मी नांदेडला शिकवत असताना घेतलेला, बटणांचा, साधा. त्याची बॅटरी फुगली होती. दुकानदारानं कुठूनशी तसली दुसरी आणून दिली आणि म्हणाला, "सर, आता ह्याला काय करता?" तो घरी आणून लावला. टीक-टीक.

आईनं डोळे मिटले. "हां. ह्योच."

फोन स्टुलावर ठेवला. चारला पाच मिनिटं कमी होती. मी तिच्या पायाशी बसलो आणि एकदम बोलून गेलो.

"आई, त्या रात्री दाराजवळची जागा तिची होती. मी घड्याळ देऊन घेतली."

"म्हाईत हाय मला."

"कसं?"

"दाराजवळचं लेकरू उचललं मी अंधारात. ती समजूनच उचललं रे. तू मोठा, पळशील म्हणलं. भाईर आल्यावर तू 'आई' म्हणलास, तवा कळलं."

आईनं आपल्याला वाचवलं, एवढ्या एकाच गोष्टीवर मी उभा होतो. ते उचलणंही माझ्यासाठी नव्हतं. उठून जावं वाटलं. आईनं माझं मनगट धरलं.

"मग तुला खाली ठिवून परत जायाचं व्हतं," ती म्हणाली. "वेळ व्हता. पर तुला खाली ठिवायला हातच सुटंना माझा. ती आत हाय, ठावं असून सुटंना."

एवढ्यात फोन वाजला. मनगट तिच्या हातातच होतं. पाच वाजले तेव्हाही तिनं ते सोडलं नव्हतं.