दशरथभाऊंच्या पोटातले खडे

आचाऱ्यांकडे किस्से फार! पंगत उठते, भट्ट्या विझतात, भांडी न्यायला टेम्पो यायचा असतो. तेवढ्या वेळात जे बोलणं होतं ते वर्षानुवर्षं साठत जातं. कुठल्या लग्नात वरात उशिरा आली म्हणून भात दोनदा लावला, कुठला व्याही बुंदीवरून रुसला, सगळं तोंडपाठ. आमच्या अनसिंगच्या टोळीत हल्ली मात्र कुठूनही सुरुवात करा, बोलणं दशरथभाऊंवर येऊन थांबतं. दशरथभाऊ म्हणजे आमचे मुख्य आचारी. वरण-भात सुखदेवकडे, पुऱ्या आणि बुंदी माझ्याकडे, भाजी मात्र फक्त दशरथभाऊंची. हसवायला म्हणून हे किस्से सांगायला घेतो आणि मधेच मला बोलवत नाही.

* * *

पहिल्यांदा दुखलं ते किन्हीराजाच्या एका लग्नात. दशरथभाऊ वांग्याची भाजी हलवत होते. एकदम सराटा कढईत सोडून त्यांनी उजव्या बरगडीखाली हात दाबला आणि मटकन खाली बसले. मी धावलो.

"काय झालं भाऊ?"

"हवा धरली."

आता आमच्या धंद्यात हवा कोणाला धरत नाही? दिवसभर धूर गिळायचा, जेवण संध्याकाळी. पण भाऊंचा चेहरा पांढरा पडला होता. मी पाण्यासाठी हाक मारणार, तर त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"ओरडू नको बे! आचाऱ्याचंच पोट दुखून राह्यलं म्हटलं, तं पंगतीत एक तरी माणूस बसन का?"

बरोबरच होतं. आम्ही त्यांना ताडपत्रीमागे कांद्याच्या पोत्यांवर निजवलं. तेवढ्यात नवरीचा मामा आला. "मुख्य आचारी कुठं गेले?"

सुखदेव गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "मारुतीच्या देवळात. भाजीले हात लावायच्या आधी जातेत ते."

मामा खूश! "असा आचारी पायजे बापा!" म्हणत गेला. ताडपत्रीमागे आमचा भाविक आचारी दातात दुपट्टा धरून लोळत होता. तेव्हापासून ठरूनच गेलं, मांडवात दशरथभाऊंच्या पोटाचं नाव काढायचं नाही.

* * *

दुखणं वरचेवर व्हायला लागलं तसं त्यांना वाशीमला नेलं. सोनोग्राफी झाली. डॉक्टर म्हणाले, पित्ताच्या पिशवीत खडे आहेत, चांगले डझनावारी आहेत. पिशवी काढावी लागेल.

"खडे काढा नं साहेब. पिशवी कायले काढता?"

"नुसते खडे काढून भागत नाही हो. पिशवीच खराब झाली की पुन्हा होतात."

दशरथभाऊ खुर्चीत सरसावून बसले. "साहेब, तीस वर्षं झाले सयपाक करून राह्यलो. आमी तांदळातले खडे निवडतो, तांदूळ फेकत नाही!"

डॉक्टर भला माणूस, मनापासून हसला. म्हणाला, दुर्बिणीचं ऑपरेशन आहे, तीन-चार बारीक भोकं, लवकर घरी जाल. तोपर्यंत तेलकट, तुपकट, तळलेलं सगळं बंद.

"आचारी आहो मी, साहेब."

"शिजवा की. खाऊ नका."

परत येताना बसमध्ये भाऊ खिडकीबाहेर बघत बसले होते. मी म्हणालो, करून टाकू या ऑपरेशन. एवढं काय घाबरायचं?  ते म्हणाले, "माहा मोठा भाऊ नागपूरले गेला होता पोटाच्या ऑपरेशनले. गाडीत आणला वापस." आणि थोड्या वेळानं, "चालत गेला होता, गजू."

 मी तिकीट बोटांत गुंडाळत बसलो.

* * *

खडा म्हटलं की आपल्याकडे जो तो डॉक्टर. मुतखडा वेगळा आणि पित्ताचा खडा वेगळा, हे ऐकून घ्यायला कोणी तयार नाही. कोणी कुळथाचं पाणी पाजलं, कोणी पानफुटीची पानं आणून दिली. मांडवात पोटाचं नाव बंद होतं, पण गावात थोडंच बंद होतं?

एका सोयऱ्यानं छातीठोकपणे सांगितलं, पेलाभर गोडंतेल घ्या, त्यात लिंबू पिळा, उपाशीपोटी एका दमात प्या. सगळे खडे घसरून पडतात!

डॉक्टरच्या प्रत्येक सांगण्यावर कुरकुरणारे दशरथभाऊ हे मात्र लगेच प्याले. खडे राहिले जागच्या जागी. भाऊ मात्र अंगणातून ओसरीपर्यंत आणि ओसरीतून अंगणापर्यंत गडबडा लोळले. शांतावहिनी, त्यांची बायको, डोक्याला हात लावून उभी. शेवटी रडत रडतच म्हणाली, "कढईत घातलं असतं तं पुऱ्या तरी झाल्या असत्या!"

दुखणं थांबल्यावर त्यावर सगळ्यात जास्त हसले ते भाऊच. वहिनी नाही हसली.

* * *

आमच्या टोळीची एक रीत आहे. पंगत बसायच्या आधी मुख्य आचारी घरमालकासमोर पहिला घास खातो. भाजी, पुरी, गोड, सगळ्याचा. म्हणजे काय, जे तुम्हाला वाढतो ते आधी आमच्या पोटात. लोकांना ते फार आवडतं. दुसऱ्या टोळीला सोडून लोक आम्हाला बोलावतात ते यासाठी.

पथ्य सुरू झाल्यावर आम्ही युक्ती काढली. भाऊ घास तोंडाशी न्यायचे आणि मी मधेच काहीतरी विचारायचो. ते वळायचे, घास दुपट्ट्यात. लग्नाच्या गडबडीत कोणाचं लक्ष नसतं. पण तेरवीला गडबड नसते.

एका तेरवीला घरचा मोठा मुलगा समोरच मांडी घालून बसला. बाप गेलेला. म्हणाला, "बाबाले तुमच्या हातची भाजी लय आवडे. खा भाऊ, माह्यासमोर खा."

मी दोनदा हाक मारली. दशरथभाऊ वळले नाहीत. त्यांनी तर्रीसकट भाजी घेतली, पुरी मोडली, सावकाश खाल्ली. वर आणखी मागून घेतली! मुलाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी.

पूर्ण पंगत होईस्तोवर भाऊ एका खांबाला टेकून हसऱ्या चेहऱ्यानं उभे होते. ते हसू कशानं धरून ठेवलंय ते फक्त मला आणि सुखदेवला दिसत होतं. टेम्पोत बसल्यावर त्यांनी जी किंकाळी फोडली ती मी विसरू शकत नाही. मी चिडून विचारलं, "काहून खाल्लं?"

"त्याच्या बापाची तेरवी होती बे. त्याले नाही कसं म्हणू?"

* * *

ऑपरेशनची तारीख पुढे ढकलण्यात दशरथभाऊंचा हात धरणारा कोणी नव्हता. आधी म्हणाले, पोहरादेवीची यात्रा होऊ द्या, रामनवमीच्या भंडाऱ्याचा शब्द दिलाय. यात्रा झाली. मग म्हणाले, लगीनसराई होऊ द्या, लोकांच्या पोरींची लग्नं आहेत. मग पाऊस येईल, पेरणी येईल. ऑपरेशनला आमच्याकडे सवडीचा महिनाच नाही!

सुखदेव वैतागला. दरवर्षी चौदा एप्रिलला सुखदेवच्या वस्तीत जयंतीचं मोठं जेवण असतं आणि भाजी दशरथभाऊंचीच असते. त्या वर्षी तो भाऊंच्या घरी गेला आणि उभ्याउभ्याच म्हणाला, "यंदा तुमची भाजी नको आमाले. दवाखान्यात भरती व्हा, मग पाहू."

भाऊंना ते फार लागलं. "माह्या हातची नको म्हणतो? तू?"

"हो. मी."

जयंतीच्या दिवशी सकाळी पाहतो तर दशरथभाऊ वस्तीत हजर! सुखदेवशी बोलले नाहीत. भट्टीकडे फिरकले नाहीत. एका कोपऱ्यात पोतं अंथरून बसले आणि कांदे चिरायला घेतले. सुखदेव दुरून बघत होता. मग तोही जाऊन शेजारी बसला, दुसरी विळी घेतली. दोघांच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि कांद्यामुळे कोणालाच कोणाला विचारता येत नव्हतं.

उठताना दशरथभाऊ म्हणाले, "मे महिना होऊ दे. मग तू म्हणशीन तिथं येतो. जबान देली."

* * *

मे महिन्यातलीच गोष्ट. अनसिंगजवळच्या खेड्यात हळदीचा कार्यक्रम. आमचं काम चाललेलं, आणि नवरीच्या मावश्या अंगणात धिंगाणा घालत होत्या. एक मावशी पाणी मागायला आली आणि भाऊंकडे बघून ओरडली, "अवं बाई, नवरीच्या आधी आचाऱ्यालेच हळद लावली का कोणं!"

सगळा मांडव हसला. आम्हीही हसलो. भाऊही हसले.

आता ऐका. आचाऱ्याचे हात पिवळेच असतात. हळद, बेसन, बुंदी, नखं तर जन्माची पिवळी. भाऊ चार-पाच दिवस अंग खाजवत होते, आम्ही म्हणालो गाजरगवत लागलं असेल. लघवी लाल-पिवळी होते म्हणाले, तर मे महिना, उन्हाळी लागली असेल. थंडी वाजून येते म्हणाले, तर भट्टीपाशी उकडतं आणि बाहेर वारा लागतो. एकेका गोष्टीला आमच्याकडे उत्तर तयार होतं!

घरी गेल्यावर वहिनीनं त्यांना साबण लावून आंघोळ घातली. पाठ घासली, मान घासली. रंग जाईना. मग तिनं त्यांना उजेडात ओढत नेलं आणि डोळे बघितले.

हळद डोळ्यांत जात नाही.

* * *

वाशीमच्या डॉक्टरनं बघितलं आणि तो काही हसला नाही. खडा सरकून नळीत अडकला होता, आत पू झाला होता. अकोल्याला न्या म्हणाला, लगेच न्या. गाडीत दशरथभाऊ तापानं फणफणले होते, पण शुद्धीत होते. स्वतःच म्हणाले, "करा ऑपरेशन. मी तयार हावो." ज्या एका शब्दासाठी आम्ही वर्षभर त्यांच्या मागे लागलो होतो, तो असा मिळाला. मला रडूच आलं.

ऑपरेशनच्या खोलीबाहेर स्ट्रेचर थोडा वेळ थांबलं. मी, सुखदेव, वहिनी. भाऊंनी वहिनीला खूण करून जवळ बोलावलं.

आता त्यांच्या वांग्याच्या भाजीचा मसाला भाऊ घरी एकटे बसून कुटायचे, दार लावून. वहिनीलाही आत घेत नसत. आम्हाला मिळायची ती बांधलेली पोटली. किती जणांनी किती विचारलं, पण भाऊंनी कधी ताकास तूर लागू दिली नाही.

तर भाऊ हळू आवाजात म्हणाले, "ऐक. खोबरं आधी भाजजो, काळं होऊ देऊ नको. खसखस मंग. अन् धने..."

वहिनीनं त्यांच्या तोंडावर हात दाबला.

"नाही! असं जाता जाता सांगून ठेवत नाहीत. घरी येऊन सांगजा."

"ऐकून तं घे वो."

"नाही म्हणते नं मी! घरी येऊन सांगजा. मी दाराशी बसून ऐकीन, आत नाही येणार."

भाऊ तिच्या हाताआडून तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी मान हलवली, बरं म्हणून. आतल्या माणसानं स्ट्रेचर ढकललं.

ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी हात टेकेपर्यंत प्रयत्न केले, पण विष अंगात पसरलं होतं. दशरथभाऊ घरी आले नाहीत.

टोळी चालू आहे. भाजी आता सुखदेव करतो. लग्न ठरलं की शांतावहिनी दार लावून, धन्यांच्या पुढचं सगळं अंदाजानं घालून मसाला कुटते आणि पोटली घेऊन स्वतः मांडवात येते. भाजी झाली की सुखदेव तिच्या हातावर थोडी देतो. ती चाखत नाही. आमच्याकडे बघत विचारते, "तशीच झाली का?"

आणि आम्ही सगळे म्हणतो, "तशीच, वहिनी. अगदी तशीच."