सप्ताहाची वीणा आणि आमची गारठलेली जीप

मार्गशीर्षातल्या त्या दिवसांत माझं देवाशी बोलणं बंद होतं. भांडण म्हणावं असंही काही नव्हतं. सकाळी दिवा लावत होते, फूल वाहत होते, पण हात जोडले की तोंडातून शब्द निघत नव्हता. मागून मागून मी दमले होते. सोनूच्या बाबांच्या दोन्ही किडन्या कामातून गेल्या आणि आठवड्यातून दोनदा गडचिरोलीला डायलिसिस, हेच आमचं जगणं झालं. मशीन रक्त धुऊन देतं, माणूस जरा हलका होतो, पुन्हा पाय सुजतात, पुन्हा दम लागतो. पाणीसुद्धा घोट घोट मोजून प्यायचं. ज्या माणसानं धानोरा रोडवर उभी हयात सवारीची जीप चालवली, त्याला बाजूच्या सीटवर बसवून आता मीच ती जीप चालवत होते. गाडी मला त्यांनीच शिकवली, धान कापून मोकळ्या झालेल्या बांधीत, आणि शिकवताना इतकं ओरडले की शेजारचे लोक मळणी सोडून बघत उभे राहिले. ते ओरडणंही मला आता हवंसं वाटायचं, कारण माणूस बोलेनासाच झाला होता.

त्यात थंडी पडली. आमच्याकडे जंगलाच्या कडेला हिवाळ्यात तलावावरून वाफा निघतात आणि जुनं डिझेल इंजिन म्हाताऱ्या बैलासारखं बसून राहतं. डायलिसिसच्या आदल्या पाळीला जीप सुरूच झाली नाही. बस येईपर्यंत पाळी गेली होती, आणि रुग्णवाहिका लांबच्या गावी गेलेली. सोनूच्या बाबांनी त्याचा आपल्या परीनं अर्थ लावला. म्हणाले, "देवाच्याच मनात नाई तं तू काऊन ओढतं मले? आता नाई जात मी." मी रडले, रागावले, शेवटी बोलून गेले की पुढच्या पाळीला गाडी सुरू झाली तर मुकाट्यानं चला, नाही झाली तर मी पुन्हा नाव काढणार नाही. त्यांनी मान हलवली. बोलून गेले आणि मग जिभेला चटका बसल्यासारखं झालं. नवऱ्याचा जीव मी एका थंड इंजिनावर टांगून ठेवला होता.

मग मी त्या जीपची जी सेवा केली, ती कुठल्या देवाचीही केली नसेल. संध्याकाळीच बॅटरी काढून घरात आणली आणि चुलीपासून हातभर अंतरावर, चादरीत गुंडाळून, जावयासारखी निजवली. बोनेटवर पोती घातली, वरून धानाची तणीस पसरली. पहाटे उठून बॅटरीच्या टोकांवरची पांढरी बुरशी गरम पाण्यानं धुतली, पुसून कोरडी केली, मग वायर घट्ट आवळल्या. घमेल्यात चुलीतले निखारे घेऊन ते इंजिनाच्या चेंबरखाली सरकवले, म्हणजे घट्ट झालेलं ऑइल सैल होईल. शेजारी पाण्याची बादली भरून ठेवली आणि निखारे विझेपर्यंत तिथून हलले नाही. काचेवर दव धरत होतं म्हणून बटाटा कापून घासला. हे सगळे उपाय सोनूच्या बाबांचेच. आधी ते खाटेवरून सांगायचे, हे कर, ते नको करू. त्या दिवशी मफलर बांधून सीटवर येऊन बसले, दिला शब्द पाळायला, पण एक अक्षर बोलले नाहीत.

मी सेल्फ मारला. इंजिन घुरघुरलं, आशा लावली आणि थांबलं. पुन्हा मारला. तिसऱ्या वेळी नुसता टक आवाज आला. बटाट्यानं काच मात्र आरशासारखी झाली होती. त्या लख्ख काचेतून मला हनुमान मंदिराचा मंडप दिसत होता. मंदिरात अखंड हरिनाम सप्ताह बसला होता. माझं जाणं झालं नव्हतं, खरं तर मन झालं नव्हतं. सप्ताहात वीणा सात दिवस खाली ठेवत नाहीत. एकानं गळ्यात घालून नाम घेत उभं राहायचं, त्याचा पहारा संपला की दुसऱ्यानं पाया पडून ती आपल्या गळ्यात घ्यायची. नाम तुटू द्यायचं नाही. काकडा आटोपून बहुतेक लोक आंघोळीला घरी गेले होते. मंडपात गोविंदभाऊ वीणा घेऊन उभे होते आणि थोडे टाळकरी साथीला.

मी कुणाला हाक मारली नाही. सेल्फचा आवाज ऐकून टाळकरीच खाली आले आणि जीपला हात लावला. आमच्या घरापासून मंदिरापर्यंत रस्ता चढत जातो आणि मंदिरापासून तलावाच्या बांधाकडे उतरतो. उतार मिळाला की धक्का स्टार्ट होईल, एवढीच आशा. पण मंदिराच्या जरा अलीकडे, चढाच्या शेवटच्या टप्प्यात, जीप अडली. सगळ्यांच्या तोंडातून वाफा, पाय घसरताहेत, चाक पुढं जाईना. तलावात जाळं ओढून खांदे कमावलेला एकच माणूस तिथं होता, गोविंदभाऊ, आणि त्यांच्या गळ्यात वीणा होती. नाम घेत ते रस्त्यापर्यंत आले खरे, पण हात लावणार कसा? वीणा घ्यायला हात मोकळा असलेलं कुणी नव्हतं, एकानं जरी हात काढला असता तरी जीप मागं घसरली असती. मी स्टिअरिंगवर डोकं टेकवलं. सोनूच्या बाबांकडे बघायची माझी हिंमत नव्हती.

तेव्हा बाजूनं आवाज आला. "मले द्या."

गोविंदभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. सोनूच्या बाबांनी चपला काढल्या, मफलर सोडला. "आंघोळ झाली माही. उभं राहाले पाय नाईत, तेवढं देवानं चालवून घ्यावं."

गोविंदभाऊ वाकून त्यांच्या पाया पडले नाहीत, कारण पाया पडायचं असतं घेणाऱ्यानं. सोनूच्या बाबांनीच खिडकीतून हात काढून त्यांच्या पायांच्या दिशेनं नमस्कार केला आणि वीणा आत घेतली. पहिल्यांदा रामकृष्णहरी म्हणताना आवाज फाटला. दुसऱ्यांदा लागला. गोविंदभाऊंनी मागून खांदा लावला आणि जीप चढाच्या वर आली. उतार लागताच मी दुसरा गिअर टाकून क्लच सोडला. एक हिसका बसला, काळा धूर निघाला आणि इंजिन सुरू झालं.

आता थांबायचं कसं? थांबवली आणि बंद पडली तर पुढं चढ होता. वीणा तर गाडीतच. गोविंदभाऊ काही अंतर बाजूनं धावले, मग हसून ओरडले, "जाऊ द्या बाई, थांबू नोका! मी येतो मागून!" इतर जण टाळ वाजवत मंडपाकडे पळाले, तिथलं नाम तुटू नये म्हणून.

तो रस्ता मी शेकडो वेळा गेले असेन. दोन्हीकडे सागाची झाडं, धुकं, आणि गाडीत माझा नवरा वीणा छेडत नाम घेतोय. महिनोन्महिने मी त्यांचा असा मोकळा आवाज ऐकला नव्हता. अर्ध्या वाटेत त्यांना दम लागला, शब्द ओठांवरच अडला. वीणा खाली ठेवता येत नव्हती आणि घ्यायला दुसरं कुणी नव्हतं. पुढचं नाम माझ्या तोंडून निघालं. मी ठरवलं नव्हतं. त्यात काही मागणंही नव्हतं. त्यांना दम आला की ते घेत, दम गेला की मी घेई, आणि डोळ्यांतलं पाणी पुसायला मला हात रिकामा नव्हता. असं आम्ही गडचिरोलीला पोचलो, पाळीच्या आत.

दवाखान्याच्या दारात गोविंदभाऊ गावातल्या एका पोराच्या मोटारसायकलवरून उतरले तेव्हा त्यांच्या पापण्यांवर दव होतं. त्यांनी तिथं, लोकांच्या येण्याजाण्यात, सोनूच्या बाबांच्या सुजलेल्या पायांवर डोकं ठेवलं आणि वीणा आपल्या गळ्यात घेतली. म्हणाले, "उद्याचा पहाटचा पहारा तुमचा. खुर्ची ठेवतो." सोनूच्या बाबांनी वीणेला पुन्हा एकदा हात लावला. मग म्हणाले, "येतो." मोटारसायकलवर मागं बसून, नाम घेतच गोविंदभाऊ परत गेले.

मेकॅनिक पुढं म्हणाला की हीटर प्लग गेले होते, निखाऱ्यांनी ऑइल सैल झालंच होतं, धक्क्यानं ती सुरू होणारच होती. असेल. मी कुणाशी वाद घालत नाही. मला एवढंच कळलं की हात जोडून मागणं संपलं तरी चालतं, आपला दम संपला की नाम पुढचा घेतो. हे सोपं आहे, पण मला ते कळायला एक बंद पडलेली जीप लागली. त्यासाठी त्या मारुतीरायाचे आणि गावाचे उपकार मी कधी फेडू शकणार नाही, फेडायचेही नाहीत.

सप्ताह उठला. पुढच्या पाळीच्या सकाळी जाग आली तर बाजूची खाट रिकामी. पळत बाहेर आले. सोनूचे बाबा स्वेटर घालून जीपमध्ये बसले होते आणि खिडकीतून माझ्यावर ओरडत होते.

"चाल ना वो लवकर. पाळी चुकन माही."