मेमरीतलं टेबल आणि रमेशदादा

रमेशदादांना मी मारलं.

आगीने मारलं असं सगळे म्हणतात. आज वर्ष झालं. आता खरं लिहितो.

मी पेणचा. रोह्याच्या एका केमिकल कंपनीसाठी गेटचं सॉफ्टवेअर मी लिहिलं. कार्ड स्वाइप केलं की आत कोण कोण आहे, ते स्क्रीनवर दिसायचं.

शिफ्ट बदलताना स्क्रीन अडकायची. म्हणून मी ती यादी डिस्कवर न ठेवता मेमरीतल्या टेबलमध्ये ठेवली. एकदम फास्ट. सगळे खूश.

रमेशदादा सोडून. रोह्याजवळच्या अष्टमी गावचे, पंचवीस वर्षं प्लांटवर. टेस्टिंगसाठी कंपनीने त्यांना माझ्यासोबत दिलं होतं.

"साहेब, मशीन बंद पडली तर यादी रव्हल का?"

"नाही. पण UPS आहे ना."

"डिस्कवर पन लिवा ना. जरा हळू चालंल."

"दादा, तुम्ही व्हॉल्व्ह बघा. कोड मी बघतो."

अख्खी मीटिंग हसली. मीही.

टेस्टिंगच्या कागदावर सही करायला ते तयार नव्हते. मला पेणला परतायची घाई होती.

"करा हो, माझी एसटी चुकेल."

त्यांनी केली.

दोन महिन्यांनी भरदुपारी सॉल्व्हंटच्या शेडला आग लागली. लाइट गेली, UPSही बसला. जनरेटरवर सर्व्हर परत सुरू झाला, पण टेबल कोरं.

स्क्रीनवर आलं, आत : ०.

सेफ्टी ऑफिसरने ते वाचून बंबवाल्यांना सांगितलं, आत कोणी नाही.

दादा मागच्या स्टोअरमध्ये होते. दार अडकलं होतं.

सापडले तेव्हा उजव्या हाताची बोटं फुटलेली होती. दार ठोकून.

चौकशीत मला विचारलं, "डिझाइन कोणी पास केलं?"

मी दादांची सही असलेला कागद पुढे सरकवला. मेलेला माणूस काय बोलणार?

आठवड्याभरात रिपोर्ट आला, दोष त्यांच्यावर गेला. माझं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू झालं.

तेराव्याला अष्टमीला त्यांच्या घरी गेलो. दादांच्या बायकोने, सुनंदावहिनींनी, हाताला धरून पानावर बसवलं.

"भावजी, जेवल्याबिगर जायाचं नाय. लय कवतिक करायचे तुमचं. म्हनायचे, पेणचा पोरगा लय हुशार हाय."

मी जेवलो. वर भातही मागून घेतला.

वहिनी, सही त्यांची होती, चूक माझी. त्यांनी सांगितलं होतं, मी हसलो होतो.

आज सकाळी कंपनीला हेच सगळं ईमेलने कळवलं.

तासाभरात उत्तर आलं. 'विषय बंद झाला आहे. कृपया पुन्हा पत्रव्यवहार करू नये.'

दादा, श्रद्धांजली वाहायचा हक्क मला नाही.

नमस्कार तेवढा करतो.