सुधाभाऊंची बातमी

"सुधाभाऊ गेले जी. अटॅक आला." त्यांच्या साळ्याचा फोन आला तेव्हा मी लाखनीच्या एका लॉनवर नवरदेवाचं शूटिंग करत होतो. सारं नीट ऐकू आलं, समजलंही, आणि तरी माझ्या तोंडून निघालं, "विज्युअल हाय का?"

पलीकडून आलं, "लाज वाटते का नाही तुमाले?"

वाटते. पण मरणाची बातमी आली की आधी चित्रण आहे का हेच विचारायचं, हे मला सुधाभाऊंनीच शिकवलं होतं. ते एका वृत्तवाहिनीचे आमच्या भागातले प्रतिनिधी. म्हणजे माईकवर नाव चॅनलचं आणि गाडीत पेट्रोल स्वतःचं. मी लग्नाचा शूटिंगवाला, मोठी बातमी असली की त्यांच्या मागे कॅमेरा घेऊन बसायचो. पवनीला वैनगंगेत जाळं टाकायला गेलेला पोरगा बुडाला, तेव्हा त्याची आई घाटावर ऊर बडवत होती, आणि मी पठ्ठ्यानं रेकॉर्डिंगचं बटणच दाबलं नव्हतं. सुधाभाऊ तिच्याजवळ बसले. हळूच म्हणाले, "माय, अजून एकडाव... लेकराचं नाव घेऊन." तिनं घेतलं. परतताना आम्ही आलूबोंडे खाल्ले. गरम होते.

तेरवीच्या आधी वहिनींनी मला बोलावलं. "एवढी वर्षं दुसऱ्याचे मेलेले दाखवले त्यायनं. एकडाव त्यायचंही दाखवा न जी." त्यांना तेवढंच हवं होतं. मी कॅमेरा लावला. त्या बोलल्या, रडल्या, आणि मधेच थांबल्या.

"लाल दिवा नाही लागला, भाऊजी."

नव्हताच लागला. बटण पुन्हा राहिलं होतं. त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "थांबा, उजेड मांगून येऊन राहिला," म्हणत खुर्ची खिडकीसमोर वळवली, बसल्या आणि पुन्हा रडल्या. पहिल्यापेक्षा चांगलं झालं, असं मला वाटलं. मी अंगठाही दाखवला.

चॅनलच्या मुंबईच्या डेस्कवरचा मुलगा फोनवर नम्र होता. "सर, हार्ट अटॅकमध्ये दाखवणार काय? अ‍ॅक्सिडेंट असता तर घेतलं असतं. ड्यूटीवरचे त्यांचे शॉट आहेत?" मी सगळं जुनं चाळलं. प्रत्येक चौकटीत सुधाभाऊंचा माईक धरलेला हात तेवढा होता. बाकीचे सुधाभाऊ मी नेहमी कापले होते.

परवा त्यांच्या घरी गेलो. समोरच्या खोलीत टीव्ही चालू, आवाज बंद. वहिनी तांदूळ निवडत बातम्यांच्या खालच्या पट्टीकडे बघत होत्या.

"लागली नाही का जी अजून?"

"लागन न, वहिनी. सध्या राजकारणाचंच लय सुरू आहे. संध्याकाळी लागन, पाहा."

त्यांनी एक खडा बाजूला टाकला. "तेही लोकायले असंच सांगत. मंग फोन उचलत नोहते."

मी चहा न घेताच उठलो. संध्याकाळी त्यांचा फोन आला... मी तो वाजू दिला.