पुढचा ब्रेक

दुपारचं जेवण अंगावर आलंय. चार वाजता माझी लेक केतकी नव्या सायकलवरून पहिल्यांदाच क्लासला निघणार, तेव्हा उठायचंच आहे, म्हणून मी नुसता आडवा होतो. पंखा टिकटिकतो. मग ती टिकटिक चाकाची होते आणि समोर दादा बसलेले असतात.

दादा म्हणजे माझे वडील. जाऊन सहा वर्षं झाली. साताऱ्यातल्या आमच्या सायकल दुकानात, पाटावर, गुडघ्यावर मळकं फडकं टाकून बसलेत. पुढ्यात केतकीची सायकल. राखी, सडपातळ, ना मडगार्ड, ना कॅरिअर. पोरीपेक्षा मलाच तिचा मोह पडला, खोटं कशाला बोलू?

"केवढ्याला?"

"बेचाळीस हजार."

"आन् हितं हाय काय? न्हाई त्याचंच पैसं घेतलं म्हन की!"

मी चिडतो. "दादा, आता साधं तेच महाग असतं."

ते हँडलवरून हात फिरवतात. उजव्या मुठीशी बोटं थांबतात.

"पुढचा बिरेक कुठाय?"

त्या ब्रेकची केबल हँडलपुढे लोंबायची, सगळा डौल घालवायची. काल मीच ब्रेक काढून नटासकट माळ्यावरच्या डब्यात टाकला. मिस्त्रीचा पोरगा मी, आणि हात जरासुद्धा अडखळला नाही.

"मागचा आहे ना."

"उताराला?"

दुकानाची फरशी कलते. आम्ही पोवई नाक्याच्या उतारावर उभे आहोत. नवी सायकल गिऱ्हाइकाला देण्याआधी दादा स्वतः ती इथून खाली नेत, पुढचा ब्रेक दाबून बघत. त्याशिवाय त्यांनी एकही सायकल दिली नाही. आत्ताही ते टांग मारतात.

"दादा, नको!"

सायकल सुटते. मी धावत जाऊन शर्ट पकडतो. वळलेला चेहरा केतकीचा आहे.

"बाबा, थांबत नाहीये ही!"

शर्ट हातातून निसटतो. मागून दादा माझ्या मुठीत काहीतरी कोंबतात. "आता तरी घट्ट धर."

मी ओरडतच उठतो. चारला पाच कमी आहेत. मूठ इतकी आवळलीय की बोटं एकेक करून सोडवावी लागतात. तळहातावर पुढच्या ब्रेकचा नट आहे, आणि त्याच्या सहा कडा कातडीत रुतल्यात.

"बाबा, निघाले हं!" खालून केतकीची हाक येते.

मी अनवाणीच जिना उतरतो आणि हँडल धरतो. "उतर खाली. आधी ब्रेक बसवतो."

"अहो बाबा, पण उशीर होतोय! आणि दिसेल कसं ते?"

"दिसू दे. मग उतारावर मी जाऊन येतो. त्यानंतर तू."