दोन चादरी, एक पंचा

सोलापुरात आमच्या वर्गात बीजगणिताला बसणारी मी एकटीच मुलगी. पहिल्याच दिवशी मास्तर म्हणाले, "भाकरी थापायच्या हातांना क्ष आणि य कशाला? सहामाहीनंतर गृहशास्त्र घ्या, बाई." वर्ग खिदळला. तेव्हाच ठरवलं, या माणसाला फळ्यापाशी घाम फोडायचा. वय चौदा, अक्कल त्याहून कमी!

मास्तरांचं गणित रोज एकच. दोन चादरी आणि एका पंच्याचं वजन इतके शेर, पाच चादरी आणि तीन पंच्यांचं इतके. तर एकेकाचं किती? वजनं बदलत, पण दोन, एक, पाच, तीन हे आकडे कधीच नाहीत. कॉलेजच्या सुट्टीत पुण्याहून आलेल्या दादाने गुपित फोडलं. "तिरपा गुणाकार कर की! दोन त्रिक सहा, पाच एके पाच, वजा जाता एक. भागायला एकच, म्हणजे अपूर्णांक येतच नाही. तुझे मास्तर अपूर्णांकाला लई भितात!" मग त्याने त्या चार आकड्यांची उलटी चौकट करून दिली: वर तीन आणि उणे एक, खाली उणे पाच आणि दोन. तिने वजनांना गुणलं की उत्तर हातात. सात आणि अठरा शेर? सात त्रिक एकवीस, अठरा गेले, चादर तीन शेर.

दुसऱ्या दिवसापासून मास्तरांनी खडू ठेवायच्या आत मी उत्तर ओरडू लागले. "पाठांतर आहे हे," ते फणकारले. "गृहशास्त्रच घ्यायचं."

त्याच महिन्यात तपासणीला साहेब आले. मी उभी राहिले. "मास्तर, आज माझं गणित सोडवा ना!" दोन चादरी, एक पंचा, सात शेर. चार चादरी, दोन पंचे, पंधरा शेर. वरची ओळ दुप्पट केली आणि वजनात एक शेर जास्तीचा घुसडला, म्हणजे भयंकर अपूर्णांक येईल. एवढीच माझी हुशारी.

मास्तरांनी फळा भरला, पुसला, पुन्हा भरला. शेवटी शून्य बरोबर एक! कपाळावरून घाम ओघळला. मी मनातल्या मनात लाडू खात होते.

"आता तू सोडव," साहेब मला म्हणाले.

मी ऐटीत चौकट मांडली. दोन दुणे चार, चार एके चार, वजा जाता शून्य. आता शून्याने भागू कशी? माझाही खडू थांबला.

साहेब हसले. "दुप्पट मालाचं वजन चौदा हवं, पंधरा कुठून आणलंस? हे गणित सुटणारच नाही. मास्तर, हिला बीजगणितातच ठेवा. तुम्हालाही सोबत होईल."

दुसऱ्या दिवशी फळ्यावर पुन्हा दोन चादरी, एक पंचा. मॅट्रिकपर्यंत एक दिवस चुकवला नाही मी. त्यांनी खडू ठेवायच्या आत उत्तर!