आज मी रोटाव्हेटर विकला नाही

शेती अवजारांचं दुकान चालवणाऱ्या मित्रांनो, आज सकाळची गोष्ट सांगतो.

मंद्रूपच्या गंगव्वा मावशी ठरवून ठेवलेला रोटाव्हेटर न्यायला आल्या. पिशवीत हळदकुंकू, नारळ आणि रुमालात बांधलेलं त्यांच्या रानातलं काळं ढेकूळ. त्यांच्या घरात नवं अवजार नेताना त्याला आधी आपल्या रानाची माती लावतात.

काउंटरवर रुमाल सोडला, तर ढेकळातून एक गांडूळ बाहेर आलं. मावशींनी ते अलगद तळव्यावर घेतलं.

"कानडीत याला एरेहुळ म्हन्त्यात. एरे म्हंजे काळी माती. मातीचंच नाव लावतंय की ते. मग घरचंच झालं न्हाय का?"

मी रोटाव्हेटरच्या, मातीचा भुगा करणाऱ्या पात्यांकडं बघितलं. सकाळीच तेल लावून चकचकीत केली होती.

"मावशी, ही पाती फिरली की त्यात हे वाचत नाही," मी म्हणालो. "यांच्यामुळं तुमची माती तशीही भुसभुशीत आहे. घरचा बैलांचा कुळव घेऊन या, तो माती वरवरच खरवडतो. नवं पातं बसवून देतो. तेवढ्यात भागेल."

 मावशींनी गांडूळ परत मातीत ठेवलं, आणि रोटाव्हेटरसाठी आणलेलं कुंकू त्या ढेकळालाच लावलं. रुमाल बांधताना हळूच म्हणाल्या, "चल, घरी जाऊ."

इतकी वर्षं मी गिऱ्हाइकाला विचारत आलो, रान किती, ट्रॅक्टर कुठला. रानात कोण कोण राहतं, हे कधी विचारलंच नाही.

तुम्ही विचारता का?